गरम मसालेदार वाइन अर्ध्या तासात कडू का होते?

हिवाळ्यात घरी गरम मसालेदार वाइन करणाऱ्यांची एक तक्रार इतकी ठरावीक असते की ती अर्धी ऐकल्यावरच पुढचे सगळे लक्षात येते. पहिला पेला उत्तम लागतो, दुसरा बरा असतो आणि पातेल्यात उरलेली वाइन मात्र तासाभरात इतकी कडू होते की ओतून द्यावी लागते. पुढच्या वेळी साखर वाढवली जाते, त्याने भागले नाही की मसाला बदलला जातो आणि तरीही तेच झाले की बिचाऱ्या वाइनवर खापर फोडून विषय संपवला जातो. माझ्या मते या बिघाडात प्रमाणापेक्षा वेळेचा वाटा बराच मोठा असतो. संत्र्याची साल आणि खडा मसाला पातेल्यात तसाच राहतो, आणि वाइन गरम आहे तोवर त्यांतून काही ना काही उतरतच राहते. आपण गॅस बंद केला म्हणून ते काम थांबत नाही. चहा गाळायचा राहून गेला की जे होते तेच इथे होते. फरक इतकाच की चहाच्या बाबतीत ते सर्वांना ठाऊक असते आणि इथे साल व मसाला शोभेसाठी मुद्दाम ठेवला जातो.

उपाय करण्याआधी नेमके काय बिघडले आहे ते ओळखावे, कारण वेगवेगळ्या चार बिघाडांना आपण सरसकट कडूच म्हणत असतो. कढत वाइनने जीभ पोळलेली असताना चव कळत नाही, म्हणून चमचाभर वाइन वाटीत काढून कोमट होऊ द्यावी आणि मग घोट तोंडात थोडा घोळवावा. गिळल्यानंतर मागाहून चढणारी आणि पाणी प्यायल्यावरही रेंगाळणारी कडवट चव बहुधा सालीकडून आलेली असते. जीभ किंचित बधिर होत असेल आणि ओठांना झिणझिण्या येत असतील तर लवंग जास्त झाली आहे किंवा जास्त वेळ राहिली आहे. चव फारशी कडू नसून गाल आणि हिरड्या आतून कोरड्या पडल्यासारख्या वाटत असतील तर तो टॅनिनचा, म्हणजे द्राक्षांच्या साली-बियांतून वाइनमध्ये आलेल्या तुरट द्रव्याचा, तुरटपणा असतो, आणि त्याचे मूळ वाइनमध्ये किंवा तिला आलेल्या उकळीत शोधावे लागते. करपट वास येत असेल तर न विरघळलेली साखर तळाला बसून लागली आहे, हे पातेल्याच्या तळावरून चमचा फिरवला की लगेच कळते.

शंका उरलीच तर एक सोपी चाचणी करता येते. त्याच बाटलीतली अर्धी वाटी वाइन कोणताही मसाला न घालता वेगळ्या भांड्यात गरम करावी आणि दोन्ही शेजारी ठेवून चाखाव्यात. नुसती गरम केलेली वाइनही तोंड कोरडे पाडत असेल तर मसाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. ती गुळगुळीत लागत असेल तर चूक उरलेल्या जिनसांत किंवा कृतीत आहे. ही चाचणी शक्यतो मसाला घालण्यापूर्वीच करावी, म्हणजे बाटली बदलण्याची संधी हातात राहते.

साल हा सर्वांत मोठा गुन्हेगार

संत्र्याच्या सालीचे दोन भाग असतात आणि त्यांचे स्वभाव एकमेकांच्या अगदी उलट आहेत. बाहेरच्या नारिंगी थरात सुगंधी तेलाच्या बारीक पिशव्या असतात. आपल्याला हवा असलेला सगळा वास तिथे असतो. त्याखालच्या पांढऱ्या, स्पंजासारख्या थरात, फोडींच्या पापुद्र्यांत आणि बियांत कडवटपणाची सामग्री साठलेली असते. तिच्यातली खरी गोम अशी की लिमोनिन नावाच्या कडू द्रव्याचे पूर्वरूप स्वतः कडू नसते. फळ कापले गेले, त्याच्या पेशी फुटल्या आणि त्या पूर्वरूपाची आम्लाशी गाठ पडली की त्याचे हळूहळू लिमोनिनमध्ये रूपांतर होते, आणि उष्णतेने ही क्रिया आणखी वेगाने होते. संत्र्याचा ताजा रस गोड लागतो आणि काही तासांनी कडवट होतो, त्यामागचे कारण हेच आहे. नेव्हल जातीच्या संत्र्यांत हा दोष विशेष आढळतो. वाइन मुळात आम्लधर्मी असते आणि आपण ती गरम ठेवतो, म्हणजे या क्रियेला लागणारी सगळी सोय आपण स्वतःच करून देतो. पहिला पेला निर्दोष आणि तिसरा कडू, या कोड्याचा बराचसा उलगडा इथे होतो.

म्हणूनच संत्र्याच्या गोल चकत्या पातेल्यात तरंगत ठेवण्याची पद्धत दिसायला कितीही देखणी असली तरी मला ती मान्य नाही. चकतीत पांढरा थर, पापुद्रे आणि बिया हे तिन्ही एकदमच येतात. अख्ख्या संत्र्याला लवंगा टोचून ते वाइनमध्ये सोडणे तर दुहेरी चूक आहे, कारण प्रत्येक लवंगेमागे सालीला एक भोक पडते, त्या भोकातून गरम वाइन थेट पांढऱ्या थरात शिरते आणि शिवाय संत्रे भरून दिसण्याच्या नादात किती लवंगा टोचल्या याचा हिशेब राहत नाही.

सालीची पट्टी काढण्यासाठी बटाटे सोलायचे सोलाणे उत्तम. फळ आधी कोमट पाण्यात चोळून धुवावे, कारण चकाकीसाठी सालीवर पुष्कळदा मेण लावलेले असते. सोलाणे हलक्या हाताने चालवावे आणि निघालेली पट्टी उलटी करून उजेडात पाहावी. आतल्या बाजूने नारिंगी रंग आणि तेलाचे ठिपके दिसत असतील, त्यावर पांढऱ्याची जेमतेम झाक असेल, तर पट्टी योग्य आहे. आतली बाजू कागदासारखी पांढरी दिसत असेल तर पट्टी ओट्यावर सपाट ठेवून, सुरीचे पाते आडवे धरून, तो थर खरवडून काढावा. एका बाटलीला बोटभर लांबीच्या तीन-चार पट्ट्या पुरतात. त्या अगदी शेवटी, आच बंद केल्यावर घालाव्यात आणि पाच ते सात मिनिटांनी न विसरता बाहेर काढाव्यात. आधीपासून उकळत ठेवल्यास सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जाते आणि मागे उरते ते नेमके नको असलेले. संत्र्याचा रस घालायचा असेल तर तो गाळून, वाढण्याच्या आधी घालावा.

लवंग, दालचिनी आणि पुडीचा मोह

मसाल्यांपैकी लवंगेवर सर्वांत कडक नजर हवी. लवंगेच्या तेलाचा बहुतांश भाग युजेनॉलचा असतो. हे द्रव्य बधिरपणा आणते, म्हणूनच दातांच्या उपचारांत त्याचा उपयोग होत आला आहे. पाण्यात ते फार विरघळत नाही, पण अल्कोहोलमध्ये सहज विरघळते. त्यामुळे लवंग पाण्यात उकळली तर ती बेताने उतरते आणि वाइनमध्ये तापत ठेवली तर सुसाट सुटते. ७५० मिलीलीटरच्या एका बाटलीला चार, फार तर पाच लवंगा पुरेशा असतात. दहा लवंगा घालून लवकर काढू, असा विचार करू नये, कारण लवंगेच्या बाबतीत ती वेळ साधणे कठीण असते.

दालचिनी तुलनेने सोशिक असली तरी तिचीही एक खोड आहे. बाजारात दोन प्रकारच्या साली मिळतात. पातळ, ठिसूळ आणि सिगारसारख्या अनेक थरांची गुंडाळी असते ती सिलोन दालचिनी. जाड, कडक आणि एकाच थराची असते ती कॅसिया. कॅसियाचा वास जोरकस असतो, पण ती फार वेळ राहिली तर वाइनला तिखटसर तुरटपणा येतो. बोटभर लांबीचा एक तुकडा कोणत्याही प्रकाराचा चालेल, फक्त कॅसिया असेल तर ती थोडी लवकर काढावी. वेलदोडे दोन-तीन, तेही फक्त किंचित ठेचून. चक्रीफूल एकच. जायफळ किसणीवर दोनदा फिरवले तरी पुरे. आले हवे असेल तर पातळ काप घ्यावेत.

पुडी मात्र वापरू नये. पुडीतला अर्क काही क्षणांत उतरतो आणि मग ती बाहेर काढता येत नाही, म्हणजे थांबवण्याचा मार्गच बंद होतो. शिवाय दालचिनीची पूड पाणी शोषून बुळबुळीत होते, आणि गाळूनही वाइनला एक चिकट, गढूळ पोत राहतो. पेल्याच्या तळाशी शेवाळासारखा थर बसतो अशी तक्रार आली की मी आधी पुडीबद्दलच विचारतो.

उकळीने काय होते

शुद्ध अल्कोहोल ७८.३ अंश सेल्सिअसला उकळते. म्हणून वाइन त्याच्याखाली ठेवली की अल्कोहोल जसेच्या तसे राहते आणि वर गेली की सगळे उडून जाते, असा समज रूढ आहे. तो दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. वाइन हे पाणी आणि अल्कोहोल यांचे मिश्रण असल्यामुळे १२ टक्क्यांच्या आसपासची वाइन साधारण ९१-९२ अंशांना उकळू लागते, आणि त्याआधीही उघड्या पातेल्यातून अल्कोहोल थोडे थोडे जातच असते. उकळत ठेवले तरी ते एका झटक्यात संपत नाही: अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार ढवळत मंद उकळलेल्या पदार्थात १५ मिनिटांनी ४० टक्के, अर्ध्या तासाने ३५ टक्के आणि तासाभरानेही सुमारे २५ टक्के अल्कोहोल शिल्लक असते. मद्य वर्ज्य असलेल्यांना किंवा औषधे चालू असलेल्यांना 'उकळली आहे, आता काही नाही' असे सांगून ही वाइन देऊ नये, आणि तीच गोष्ट नंतर गाडी चालवणाऱ्यांची.

चवीच्या दृष्टीने उकळीचा तोटा वेगळाच आहे. वाफेबरोबर अल्कोहोल, पाणी आणि फळांचा सुगंध निघून जातो, पण टार्टारिक आम्ल आणि टॅनिन भांड्यातच राहतात व त्यांचे प्रमाण वाढत जाते. अल्कोहोल वाइनला जो भरीवपणा आणि गोडसर झाक देते तीही कमी होते. परिणामी उकळलेली वाइन एकाच वेळी पातळ, आंबट आणि तुरट लागते. ती मसाल्यामुळे बिघडली असे समजून मसाला कमी केला तर पुढच्या वेळी ती बेचवही होते.

सत्तर अंशांच्या आसपासचे तापमान सर्वांत सोयीचे, आणि ७५ च्या वर जाऊ देऊ नये. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर पृष्ठभागावर लक्ष ठेवावे: वाफेचे बारीक धागे दिसू लागले, पातेल्याच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे चिकटू लागले की आच लगेच कमी करावी; ते बुडबुडे सुटून वर येऊ लागले तर आपण पुढे गेलो आहोत. पेल्यात नाक नेताच वास नाकाला चरचरत असेल, तर वाइन गरज नसताना फार कढत वाढली जात आहे. दोन मिनिटे थांबले की तीच वाइन शांत वाटते. गरम वाइनची वाफ ज्वालाग्राही असते, म्हणून झाकण ठेवून मोठ्या आचेवर तापवणे आणि मग आच चालू असतानाच झाकण उघडून वाकून पाहणे हे दोन्ही टाळावे.

पातेले स्टेनलेस स्टीलचे किंवा अखंड इनॅमलचे असावे. वाइनचा पीएच साधारण ३ ते ४ असतो, त्यामुळे ॲल्युमिनियम तिच्यात उतरते आणि तांब्या-पितळेचे कल्हई नसलेले भांडे तर धोक्याचेच. लोखंडी भांड्यात लोह आणि टॅनिन यांचा संयोग होऊन वाइन काळपट पडते आणि तोंडात धातूची चव राहते. जुन्या काळची शाई याच संयोगातून बनत असे.

मसाला आणि वाइन वेगळी ठेवण्याची कृती

वरचे सगळे लक्षात घेतले तर मार्ग एकच उरतो, तो म्हणजे मसाला पाण्यात उतरवून घ्यायचा आणि वाइनला फक्त ऊब द्यायची. एका बाटलीसाठी १५० मिलीलीटर पाण्यात ६० ते ७० ग्रॅम साखर आणि वर सांगितलेला खडा मसाला घालून मंद आचेवर दहा मिनिटे उकळावे. पाणी आटून साधारण १०० मिलीलीटर पातळ पाक उरला की आच बंद करून, झाकण ठेवून, आणखी दहा मिनिटे मुरू द्यावे आणि गाळून घ्यावे. हा पाक चमच्याने चाखता येतो, आणि या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा तोच आहे. पाक नुसता चाखल्यावर थोडा जास्तच जोरकस वाटायला हवा, कारण पुढे तो वाइनमध्ये पातळ होणार असतो. मात्र त्याने जीभ बधिर होत असेल तर सगळा पाक घालू नये.

मग पातेल्यात वाइन घालावी आणि त्यात पाक एकदम न ओतता आधी दोन-तृतीयांश घालून, सत्तर अंशांपर्यंत तापवून, चाखून उरलेला घालावा. सालीच्या पट्ट्या शेवटी. १३ टक्क्यांच्या ७५० मिलीलीटर वाइनमध्ये १०० मिलीलीटर पाक गेल्यावर अल्कोहोलचे प्रमाण साधारण साडेअकरा टक्क्यांवर येते, म्हणजे वाइन पाणचट होण्याची भीती नाही. विक्रीसाठीच्या ग्लूवाइनला (गरम मसालेदार वाइनचे हे जर्मन नाव) युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमाने वेगळे पाणी मिसळण्यास मनाई केली आहे, फक्त गोडी आणताना जेवढे ओघाने जाते तेवढे सोडून. घरच्या कृतीतही ती मर्यादा म्हणून लक्षात ठेवायला हरकत नाही.

मसाला थेट वाइनमध्येच घालायचा हट्ट असेल तर निदान तो सुती फडक्याच्या पुरचुंडीत बांधावा आणि दोऱ्याचे टोक पातेल्याच्या कानाला अडकवून ठेवावे. वीस मिनिटांनी दोरा ओढला की मसाला बाहेर. पाहुण्यांना पातेल्यात चक्रीफूल दिसायला हवे असेल तर ते वाढताना पेल्यात एक ठेवावे.

वाइन निवडताना फळांचा स्वाद असलेली, कमी टॅनिनची आणि ओकच्या पिंपात फार न मुरलेली तांबडी वाइन घ्यावी. मर्लो किंवा ग्रनाश या द्राक्षांच्या तरुण वाइन सहसा निभावून नेतात. ओकमध्ये मुरलेली काबर्ने सोव्हिन्यो नुसती प्यायला छान असते, पण गरम केल्यावर तिचा तुरटपणा डोके वर काढतो आणि तिची किंमतही वाया जाते.

बिघडली तर

कडूपणा जाणवताच पहिले काम गाळण्याचे, साखर घालण्याचे नव्हे. साल आणि मसाला आत असेपर्यंत केलेला कोणताही उपाय दहा मिनिटांत निष्प्रभ होतो. गाळल्यावर चिमटीभर मीठ घालून पाहावे. सोडियममुळे कडू चव जिभेला कमी जाणवते. मीठ खारटपणा येईल इतके घालू नये, अर्ध्या चिमटीपासून सुरुवात करावी. त्यानंतरच लागेल तशी साखर. तरीही कडू राहिली तर मसाला नसलेली ताजी वाइन गरम करून तिच्यात मिसळणे हाच भरवशाचा उपाय आहे, आणि त्यासाठी पाव बाटली बाजूला काढून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. एकदा तयार झालेले लिमोनिन परत काढून टाकण्याची कोणतीही घरगुती युक्ती नाही.

आंबटपणा मारण्यासाठी खाण्याचा सोडा घालण्याचा सल्ला अधूनमधून दिला जातो. तो मानू नये. तांबड्या वाइनचा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा असतो आणि आम्ल कमी होताच तो निळसर-करड्याकडे झुकतो. चव साबणासारखी होते ती वेगळीच.

बराच वेळ गरम ठेवायची असेल तर आचेवर ठेवण्यापेक्षा गाळलेली वाइन स्टीलच्या थर्मासमध्ये भरावी. उरलेली वाइन थंड करून, बंद बाटलीत फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस चांगली राहते, पण पुन्हा तापवताना लागेल तेवढीच काढावी, कारण प्रत्येक तापवण्यात तिचा सुगंध कमी होतो.

काही बिघाड मात्र बाटलीतूनच आलेले असतात. काडेपेटीच्या उग्र वासाला घाबरू नये. तो वाइन टिकवण्यासाठी घातलेल्या सल्फर डायऑक्साइडचा असतो आणि बाटली थोडा वेळ आधी उघडून ठेवल्याने किंवा तापवताना तो बहुतांशी उडून जातो. शिरक्याचा वास येत असेल तर ती वाइन गरम केल्याने तो वास आणखीच पुढे येईल, म्हणून ती यासाठी वापरू नये. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा दमट तळघराचा वास येत असेल तर बुचातून टीसीए हे द्रव्य वाइनमध्ये उतरलेले असते. ते तापवून जात नाही आणि कितीही दालचिनी घातली तरी तिच्याआडून डोकावत राहते, तेव्हा अशी बाटली दुकानात परत करता आली तर करावी आणि नाही तर मसाला तरी वाया घालवू नये.